प्रश्न आधी, वक्ता मग

सहभागी कुटुंबांनीच चालवायच्या समाजसभांसाठी विषयांची निवड कशी करावी?

ठाणे ते कल्याण हे लोकलचे अंतर सुमारे २० किलोमीटर. या पट्ट्यात जैन समाजाची मंदिरे, उपाश्रय, स्थानके, महाजनवाड्या आणि ज्ञातिमंडळांची सभागृहे यांची वाण नाही. टेंभी नाक्यावरील श्री मुनिसुव्रतस्वामींचे मंदिर तर ‘कोकण शत्रुंजय’ म्हणून दूरच्या यात्रेकरूंनाही परिचित आहे. कार्यक्रमांचीही उणीव नाही. चातुर्मासात प्रवचने, पर्युषणात व्याख्याने, दिवाळीनंतर स्नेहसंमेलन, जून-जुलैत गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार, अधूनमधून आरोग्य शिबिर असा वर्षाचा क्रम ठरलेला असतो. उपस्थिती चांगली असते आणि भोजनव्यवस्था तर नेहमीच उत्तम असते.

मात्र कार्यक्रम संपल्यावर, चपला शोधता शोधता दोन व्यापारी एकमेकांशी जे बोलतात ते व्यासपीठावर सहसा येत नाही. कोणाची उधारी वर्षभर अडकलेली असते. कोणाच्या मुलाने बंगळूरला नोकरी धरलेली असते आणि जांभळी नाक्यावरच्या पेढीचे पुढे काय, हा प्रश्न घरात कोणी मोठ्याने विचारत नसतो. कोणाच्या घरी दोन भावांचे बोलणे मुनिमामार्फत चालते. हे सारे विषय समाजाचेच आहेत. त्यांना जागा तेवढी मिळत नाही.

याचे कारण सभांचे विषय ठरवण्याच्या पद्धतीत आहे. कार्यकारिणीच्या बैठकीत पहिला प्रश्न बहुधा ‘या वेळी कोणाला बोलवायचे?’ हाच असतो. वक्ता निश्चित होतो, मग त्याच्या सोयीचा विषय निश्चित होतो आणि श्रोत्यांना तो निमंत्रणपत्रिकेत कळतो. हा क्रम उलटा करून पाहण्याजोगा आहे. आधी प्रश्न गोळा करावेत, त्यांतून विषय निवडावेत, सभा सहभागी कुटुंबांनीच चालवावी आणि गरज पडली तरच जाणकाराला बोलवावे.

१८४८ ची आठवण

ही कल्पना नवी नाही. १८४८ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थी आणि तरुण शिक्षक यांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली. इंग्रजी सभेबरोबरच तिच्या मराठी व गुजराती शाखा निघाल्या आणि त्या ज्ञानप्रसारक सभा म्हणून ओळखल्या गेल्या. या सभांचे वैशिष्ट्य असे, की तेथे सभासद स्वतःच निबंध वाचत आणि इतर सभासद त्यावर चर्चा करीत. बाहेरून मोठा वक्ता येण्याची वाट पाहिली जात नसे.

अशाच चर्चांतून स्त्रीशिक्षणाचा विषय पुढे आला आणि तो निबंधापुरता उरला नाही. १८४९ मध्ये या तरुणांनी मुंबईत मुलींसाठी मराठी व गुजराती शाळा सुरू केल्या आणि आरंभी सकाळच्या वेळी स्वतः विनावेतन शिकवले. दादाभाई नौरोजी या तरुणांत आघाडीवर होते. विषय सभासदांच्या मनातला होता, म्हणून त्याची जबाबदारीही सभासदांनीच उचलली. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. त्याच्याही आधीची ही गोष्ट आहे.

दुसरी परंपरा व्याख्यानमालेची. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला आणि पुढे महाराष्ट्रात गावोगावी अशा माला उभ्या राहिल्या. जैन समाजात पंडित सुखलालजी संघवी यांच्या प्रेरणेने १९३० च्या दशकाच्या आरंभी अहमदाबाद आणि मुंबई येथे पर्युषण व्याख्यानमाला सुरू झाल्या. सोळाव्या वर्षी देवीच्या रोगाने दृष्टी गेलेल्या या विद्वानाने पर्युषणाच्या दिवसांत समाजाला ग्रंथांपलीकडचे विषय आणि अन्य धर्मीय विचारवंतही ऐकवले. त्या काळी हे मोठे धाडस होते.

व्याख्यानमालेचे मोल आजही कमी नाही. ज्ञान वाढवण्यासाठी ती आवश्यकच आहे. परंतु श्रोत्याला स्वतःचा प्रश्न मांडायला तेथे शेवटची दहा मिनिटे मिळतात आणि तीही बहुतेकदा आभारप्रदर्शनात जातात. १८४८ ची परंपरा त्या उरलेल्या जागेसाठी आहे.

अन्य देशांतही याचे दाखले आहेत. स्वीडनमध्ये ऑस्कर ओल्सन यांनी १९०२ मध्ये लुंड येथे अभ्यासमंडळ सुरू केले. थोडी माणसे, वाचायला पुस्तके आणि आपसांतील चर्चा एवढ्या सामग्रीवर ही चळवळ तेथे रुजली आणि आजही चालू आहे. अमेरिकेतील हॅरिसन ओवेन यांना १९८० च्या दशकात असे आढळले, की परिषदेतील सर्वांत उपयुक्त बोलणे चहाच्या सुटीत होते. त्यावरून त्यांनी १९८५ पासून अशी सभापद्धती रूढ केली, की विषयपत्रिका आधी छापलेलीच नसते; उपस्थितांपैकी ज्याला जो विषय महत्त्वाचा वाटतो त्याने तो भिंतीवर लावायचा आणि त्याची चर्चा त्यानेच चालवायची. चपलांच्या रॅकजवळचे बोलणे ते हेच.

स्वाध्यायातील पृच्छना

जैन परंपरेला तर ही पद्धत मुळीच परकी नाही. स्वाध्याय हे आभ्यंतर तप मानले आहे आणि त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत: वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. आगमांत आम्नायाला परिवर्तना म्हटले असून क्रमही थोडा निराळा आहे. पण दोन्हीकडे पृच्छना म्हणजे विचारणे दुसऱ्या स्थानी आणि धर्मोपदेश अथवा धर्मकथा शेवटी आहे. प्रश्न विचारणे हा तपाचा भाग आहे, अविनय नव्हे, ही जाणीव सभागृहात आणता आली तर निम्मे काम झाले.

अनेकान्ताचा उपयोगही येथे प्रत्यक्ष व्हावा. ‘दुकान कोणाचे?’ या एका प्रश्नाला वडिलांच्या, मुलाच्या, सुनेच्या आणि लग्न होऊन पुण्याला गेलेल्या मुलीच्या बाजूने चार वेगळी उत्तरे असतात. चारही ऐकल्याशिवाय पूर्ण वस्तू दिसत नाही. ज्या सभेत एकच बाजू बोलते तेथे विषय कितीही चांगला असला तरी निवड अपुरी ठरते.

चिठ्ठीपेटी आणि निवड

चातुर्मासाचे चार महिने साधू-साध्वींच्या प्रवचनांचे असतात. त्यांत हात घालण्याचे कारण नाही. कार्तिकी पौर्णिमेनंतर विहार सुरू होतो आणि आषाढापर्यंतचे आठ महिने मोकळे राहतात. महिन्याला एक याप्रमाणे आठ सभा सहज बसतात.

विषयांसाठी मंदिर, स्थानक आणि सभागृह येथे एकेक चिठ्ठीपेटी ठेवावी. चिठ्ठीवर नाव नसावे. फक्त लिहिणारा साठीच्या वरचा आहे, तिशीच्या आतला आहे की गृहिणी आहे, एवढी खूण असावी. मराठी, गुजराती, हिंदी, कच्छी, मारवाडी अशा कोणत्याही भाषेत लिहिता यावे. ज्या आजीबाईंना लिहिणे जमत नाही त्यांचा प्रश्न नातवाने लिहून घ्यावा, मात्र त्यांच्याच शब्दांत.

या खुणेला महत्त्व आहे. केवळ बहुमताने विषय निवडले तर व्यापार करणाऱ्या मध्यमवयीन पुरुषांचे विषय दर वेळी जिंकतील, कारण सभेला संख्येने तेच अधिक असतात. म्हणून बहुतेक विषय सर्वांच्या कौलाने घ्यावेत आणि उरलेल्या तीन जागा स्त्रिया, ज्येष्ठ आणि तरुण यांच्या चिठ्ठ्यांसाठी राखाव्यात. त्या त्या गटानेच आपला विषय निवडावा.

गोळा झालेल्या चिठ्ठ्या पाच-सहा जणांनी बसून लावाव्यात. सारख्या चिठ्ठ्या एकत्र कराव्यात आणि प्रत्येक विषय पुढील चार कसोट्यांवर पाहावा.

पहिली कसोटी: हा प्रश्न अनेक घरांत आज चालू आहे काय? दुसरी: यावर स्वतःच्या अनुभवाने बोलणारे दोन-तीन जण समाजात मिळतील काय? तिसरी: कोणाचेही नाव न घेता यावर बोलता येईल काय? चौथी: सभेनंतर पंधरा दिवसांत घरी करण्याजोगे एखादे काम यातून निघेल काय?

तिसऱ्या कसोटीवर जे उतरत नाही ते बाजूला ठेवणेच इष्ट. एखाद्या विशिष्ट कुटुंबातील वाद, संस्थेच्या निवडणुका, तिथीचे मतभेद, पंथापंथांतील तंटे हे विषय या सभांचे नव्हेत. मूर्तिपूजक, स्थानकवासी, तेरापंथी आणि दिगंबर या सर्वांना एका सतरंजीवर बसता यावे, एवढी जागा विषयाने ठेवली पाहिजे.

विषयाचे नाव शक्यतो प्रश्नरूप असावे. ‘युवा पिढी आणि व्यापार’ या मथळ्यावर कोणीही वीस मिनिटे बोलू शकतो आणि कोणाचेच काही अडत नाही. ‘मुलाने नोकरी धरली, दुकानाचे काय करायचे?’ असे म्हटले की सभागृहातील वीस माणसे सावरून बसतात.

असे काही विषय

चिठ्ठ्या काय सांगतील हे आधी ठरवता येत नाही. तरीही व्यापारी कुटुंबांचे जीवन पाहता काही प्रश्न हमखास येतील. त्यांतील तीन प्रश्नांचा विस्ताराने विचार केल्यास सभेत किती सामग्री असू शकते हे लक्षात येईल.

‘माझ्यामागे कागद कुठे सापडतील?’ हा त्यांतील पहिला. अनेक घरांत ठेवी, लॉकर, विमा, भागभांडवल यांची सारी माहिती एकाच व्यक्तीच्या डोक्यात असते. बँकेत दहा वर्षे न मागितलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागृती निधीकडे वर्ग होते. वारसाला ती नंतरही मागता येते, पण आधी ती असल्याचे ठाऊक हवे. अशा ठेवी शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये ‘उद्गम’ हे संकेतस्थळ सुरू केले. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकठेवीसाठी चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते, एकाच वेळी हिस्से ठरवून किंवा एकामागून एक अशा क्रमाने. लॉकरसाठी मात्र क्रमवार नामनिर्देशनच चालते.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा असा, की नामनिर्देशित व्यक्ती म्हणजे मालक नव्हे. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. रक्कम किंवा शेअर्स ज्याच्या हाती येतात त्याने ते कायदेशीर वारसांसाठी सांभाळायचे असतात. वारस कोण हे इच्छापत्र किंवा वारसा कायदा ठरवतो. हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांनाही लागू आहे. २००५ च्या दुरुस्तीने अविभक्त कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला जन्मतः मुलाइतकाच हक्क मिळाला. त्यासाठी दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी दिला. हे वाक्य सभेत उच्चारल्यावर जी शांतता पसरेल, तीच या विषयाची खरी सुरुवात असेल. मुलीला लग्नात जे दिले तेच तिचा वाटा, ही समजूत अनेक घरांत आहे. त्यावर वडील काय म्हणतात, भाऊ काय म्हणतो आणि मुलगी स्वतः काय म्हणते, हे एकमेकांसमोर शांतपणे ऐकण्याची संधी न्यायालयाच्या पायरीपूर्वी कुठेतरी मिळायला हवी.

‘उधारी किती, कोणाला आणि किती दिवस?’ हा दुसरा विषय. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगाकडून घेतलेल्या मालाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. २०२३ च्या वित्त अधिनियमाने याला आयकराची जोड दिली. मुदतीत पैसे न दिल्यास तो खर्च प्रत्यक्ष पैसे देण्याच्या वर्षातच वजा होतो. परंतु २०२१ मध्ये किरकोळ व घाऊक व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी खुली झाली ती केवळ अग्रक्रम क्षेत्रातील कर्जापुरती. विलंबित देयकांचे संरक्षण त्यांना मिळाले नाही. म्हणजे कारखानदाराचे देणे वेळेत द्यायचे आणि स्वतःचे येणे मात्र विनंतीवर आणायचे, अशा कात्रीत लहान व्यापारी सापडतो.

येथे अनुभवी व्यापाऱ्यांचे बोल कायद्याहून उपयोगी ठरतील. शिल्लक मान्यतेचे पत्र दरवर्षी सहीनिशी कसे घ्यावे, तीन वर्षांची मुदत संपण्यापूर्वी लेखी कबुली मिळाली तर मुदत नव्याने कशी मोजली जाते, नातेवाइकाला उधारी नाकारताना कोणते शब्द वापरावेत, हे ज्याने केले आहे तोच सांगू शकतो. आणि याच सभेत उलट बाजूही निघावी. अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत चोरीचा माल घेणे, राज्याचा नियम मोडणे, खोटी वजनमापे आणि भेसळ यांचा समावेश आहे. असतील तर पैसे द्यायचे, पण शक्य तितके लांबवायचे, ही सवय या यादीच्या किती जवळ जाते, हा प्रश्न एखाद्या तरुणाने विचारला तर ज्येष्ठांनी तो टाळू नये.

तिसरा विषय पेढीच्या पुढच्या वाटचालीचा. जैन समाजात साक्षरता ९४ टक्क्यांहून अधिक असल्याचे २०११ च्या जनगणनेत दिसले. मुले-मुली शिकली, त्यांना पर्याय मिळाले, हे समाजाचे यशच आहे. दुसरीकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत जैनांचा एकूण जननदर १.६ आढळला. लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी तो साधारण २.१ लागतो. म्हणजे अनेक घरांत एकच अपत्य आहे आणि त्याने गल्ल्यावर बसायचे नाकारले तर दुसरा भाऊ नाही. अशा वेळी दुकान भाड्याने द्यावे, विश्वासू नोकराला भागीदार करावे, मुलीने किंवा सुनेने सांभाळावे, की सन्मानाने बंद करावे? भागीदारी असेल तर लेखी करारात उलट तरतूद नसल्यास भागीदाराच्या मृत्यूने पेढी विसर्जित होते, हे १९३२ च्या भागीदारी कायद्यातील कलम किती घरांनी वाचले आहे? पस्तीस वर्षे चालवलेले दुकान बंद केल्यावर सकाळी दहा वाजता त्या माणसाने कुठे जायचे, हा प्रश्नही याच विषयात येतो आणि तो कदाचित सर्वांत अवघड आहे.

याखेरीज एकट्या राहणाऱ्या वृद्धांची सोबत, लग्नखर्चाची मर्यादा, स्थळे पाहताना मुलींना विचारले जाणारे प्रश्न, जुन्या इमारतींचा पुनर्विकास, वर्षानुवर्षे न बोलणारी भावंडे असे विषय येतील. शेवटच्या विषयाला संवत्सरीच्या क्षमापनेची जोड आहेच. शंभर जणांना मोबाइलवर ‘मिच्छामि दुक्कडम्’ पाठवणे सोपे असते. ज्या एकाला प्रत्यक्ष म्हणायला हवे तेथेच पाय अडखळतो.

सभेची शिस्त

विषय चांगला असूनही सभा फसू शकते. त्यासाठी काही नियम आधीच मान्य असावेत. वेळ दोन सामायिकांची, म्हणजे ४८ मिनिटांचे दोन भाग. पहिल्या भागात दोन-तीन जणांचे अनुभव आणि त्यांवर प्रश्न. दुसऱ्या भागात आठ-दहा जणांचे गट करून चर्चा आणि प्रत्येकाने घरी काय करायचे ते ठरवणे. सूत्रसंचालन पदाधिकाऱ्यांनी न करता एक ज्येष्ठ आणि एक तरुण अशा जोडीने करावे. जोडी दर महिन्याला बदलावी. चार्टर्ड अकाउंटंट, वकील किंवा डॉक्टर बोलवले तर त्यांनी मागे बसून ऐकावे आणि शेवटी दहा मिनिटे केवळ चुका दुरुस्त कराव्यात.

शाल, श्रीफळ, प्रायोजकाचा फलक आणि देणग्यांची घोषणा यांना या सभेत स्थान नसावे. त्यांसाठी वर्षभरात इतर प्रसंग आहेत. विमा, फ्लॅट किंवा गुंतवणूक योजना विकण्यास पूर्ण मनाई असावी, कारण वारशाच्या सभेत विमा विकणारा उभा राहिला की पुढच्या सभेला निम्मी माणसे येत नाहीत. सभेत ऐकलेली घरगुती गोष्ट सभागृहाबाहेर न्यायची नाही, हा नियम प्रत्येक वेळी आरंभी वाचून दाखवावा. व्यापारी समाजात पत हीच पुंजी असते. एकदा कोणाच्या अडचणीची बातमी बाजारात पोचली की चिठ्ठीपेटी कायमची रिकामी राहील.

वेळेचा विचारही विषयाइतकाच महत्त्वाचा. चौविहार पाळणाऱ्यांना रात्रीची सभा गैरसोयीची आणि दुकानदारांना दुपारची. रविवारी सकाळी पूजा-सामायिक आटोपल्यावर, दुकान उघडण्यापूर्वीची वेळ दोघांनाही जमते. गृहिणींच्या राखीव विषयाची सभा मात्र त्यांना विचारूनच ठरवावी. ठिकाण ठाणे, डोंबिवली आणि कल्याण असे फिरते ठेवावे आणि शक्यतो स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर असावे. घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्यांना रेल्वे नाही. त्यांच्यासाठी आठांपैकी एक सभा तिकडेच घ्यावी.

महिने आणि विषय यांचा मेळही घालता येईल. मार्गशीर्षात लग्नखर्च, मार्चअखेरीपूर्वी उधारी, परीक्षांचे निकाल लागण्याच्या सुमारास पेढीचे भवितव्य, आषाढापूर्वी वृद्धांची सोबत. आठव्या सभेत नवा विषय न घेता मागील सातांचा हिशेब घ्यावा: किती घरांत इच्छापत्र झाले, किती जणांनी शिल्लक मान्यतेची पत्रे घेतली, किती भावंडे बोलू लागली. आकडे लहान असतील, तरी ते वाचून दाखवावेत. ताळेबंदात लहान रकमाही लिहाव्या लागतात.

आरंभासाठी लाभपंचमीचा दिवस योग्य आहे. तीच ज्ञानपंचमी. त्या दिवशी नव्या वर्षाचे व्यवहार सुरू होतात आणि ज्ञानाची पूजाही होते. त्या सकाळी पेट्या ठेवाव्यात आणि कार्तिकी पौर्णिमेला उघडाव्यात. मधल्या दहा दिवसांत प्रत्येक घरात एकदा तरी रात्री सर्वांनी एकत्र बसून विचारावे, की आपल्या घरातला कोणता प्रश्न कोणीच बोलत नाही. चिठ्ठी घरातल्या सर्वांत लहान माणसाने लिहावी आणि दुसऱ्या दिवशी दर्शनाला जाताना पेटीत टाकावी.